दुसऱ्याच्या ओळीत

१४ सप्टेंबर, शनिवार

वाळूजला कंपनीत होते तेव्हा शिफ्ट संपली की काय बिघडलं ते लिहून ठेवायची सवय होती. लग्न झालं, नोकरी सुटली, सवयही गेली. आज पुन्हा लिहायला बसले, कारण लिहिलं नाही तर कोणाच्या तरी अंगावर धावून जाईन.

बियाणे कंपनीचे प्रज्वलसाहेब आले होते. आमच्या शेडनेटमध्ये टोमॅटोचं संकरित बी तयार होतं. काम सांगायला सोपं आहे. मादी झाडाची कळी उमलायच्या आदल्या दुपारी चिमट्याने उघडायची आणि आतला पिवळा नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नर झाडाचं पोलन (पराग) लावायचं, आणि खूण म्हणून फुलाखालच्या दोन हिरव्या पाकळ्या खुडायच्या. कळी नजरेतून सुटून आपोआप उमलली, किंवा नर अर्धवट आत राहिला, तर फूल स्वतःच स्वतःला फळवतं आणि ते बी मातीमोल. तसं फूल दिसलं की तोडून टाकायचं. एवढंच काम.

एवढंच होत नाही. साहेबांनी मधल्या ओळीत हात घातला आणि मूठभर उमललेली फुलं माझ्या ओंजळीत टाकली. खुणेची फुलं उघडून पाहिली, काहींत नर तसाच. गेल्या वर्षी आमचं बी कंपनीच्या चाचणीत नापास झालं होतं, ते त्यांनी विसरू दिलं नाही. म्हणाले, वहिनी, दसऱ्याच्या आधी परत येतो, असंच दिसलं तर प्लॉट रद्द, गावात दुसरे लोक थांबलेच आहेत.

प्लॉट गेला म्हणजे शेडनेट रिकामं, नवरा, दीपक, जालन्याला कुठल्या तरी कंपनीच्या फाटकावर वॉचमन आणि मी पुन्हा वाळूजच्या एका खोलीत. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट माझ्या नावाने चालते म्हणून लोक सांगतात. मी ती जाऊ देणार नाही.

चूक कोणाच्या हातची, विचारलं. कोणालाच माहीत नाही. सगळ्या बाया सगळ्या ओळींत फिरतात. इथेच तर घोळ आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार

वाळूजला आम्ही गाडीच्या वायरी जोडायचो. जोड असा बनवलेला असायचा की उलटा बसायचाच नाही. झोप येवो, नवऱ्याशी भांडण होवो, लक्ष कुठेही असो, उलटा बसणार नाही म्हणजे नाही. त्याला जपानी नाव होतं, पोका-योके, भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेलं. खाली लिहिलं होतं, चूक माणसाची नसते, पद्धतीची असते. मला ते वाक्य फार आवडायचं.

आता टोमॅटोच्या फुलाला हे कोण सांगणार. ते कसंही बसतं.

तरी सुरुवात केली. देऊळगाव राजाहून लोकरीचे गुंडे आणले. प्रत्येकीच्या ओळी ठरवल्या आणि ओळीच्या दोन्ही टोकांच्या खांबांना तिच्या रंगाची लोकर बांधली. माझा निळा. पुष्पाकाकूंचा पिवळा. प्रेरणा आणि तिच्या जावेला हिरवा, तो झाडांत दिसेचना, मग पांढरा दिला. दोघी अर्धा तास हसत होत्या. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, लाल मागितला. म्हणाल्या, लाल उठून दिसते. आणि कडेच्या ओळी मागितल्या, जाळीलगतच्या. तिथे ऊन लागतं म्हटलं तर म्हणाल्या, लागू दे.

नियम एकच केला. दुसरीच्या ओळीत पाय ठेवायचा नाही. ज्या ओळीत चूक सापडेल ती त्या रंगाची. आता लपायला जागा नाही.

पुष्पाकाकू तेवढ्या लाल ओळींकडे पाहत होत्या. त्या आत्याबाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. गावात पहिलं शेडनेट आलं तेव्हा हे क्रॉसिंगचं काम आत्याबाई शिकल्या आणि त्यांनी पुष्पाकाकूंना शिकवलं. अजूनही पंचक्रोशीत कोणी म्हणतं, हात असावा तर सत्यभामाबाईचा, म्हणजे आत्याबाईंचा.

१८ सप्टेंबर

दोन दिवस नाही झाले आणि पुष्पाकाकू लाल ओळीत. विचारलं तर म्हणाल्या, चिमटा पडला होता. चिमटा त्यांच्या हातातच होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं की नियम तो नियम, मग कोणीही असो. त्या हाव, बरं, म्हणाल्या आणि आपल्या ओळीत गेल्या.

आत्याबाई हल्ली सकाळी उशिरा येतात. ऊन चांगलं वर आल्यावर. पोलन लावायची वेळ सकाळची, पण मालकीणबाईंना सांगणार कोण. आणि दुपारी ऊन कलायला लागलं की त्यांना घरी काम आठवतं.

२१ सप्टेंबर

आज वरणात दोनदा मीठ. एकदा मी घातलं होतं, वरून त्यांनी घातलं. चव न बघता. मला समजतं. सुनेच्या हाताला चव नाही, हे सांगायची ती पद्धत आहे.

धाड गावाहून माझी मावशी आली होती. आत्याबाई तिच्या समोरून गेल्या आणि थांबल्या नाहीत. मावशीला वाईट वाटलं. मी म्हटलं, त्यांचं सध्या असंच चाललंय, मनावर घेऊ नको.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज मी स्वतः सगळ्या ओळी तपासल्या, साहेब तपासतात तशा. लाल ओळी आरशासारख्या. एक उमललेलं फूल नाही, एका फुलात नर नाही. पिवळ्या ओळींत फुलंच फुलं. पुष्पाकाकूंच्या, ज्यांना मी सगळ्यांत भरवशाचं समजत होते.

म्हणजे रंगांनी काम केलं. चोर सापडला. (चोर हा शब्द वाईट आहे, पण आज तोच सुचतो.)

मी सगळ्यांना बोलावून आत्याबाईंच्या ओळी दाखवल्या. म्हटलं, काम पाहा, या वयात असं काम. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. गेल्या महिन्याभरात मी त्यांच्याबद्दल चांगलं बोलले ती ही पहिली वेळ. त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि संध्याकाळी जेवल्या नाहीत. कौतुक केलं तरी पंचाईत, नाही केलं तरी पंचाईत. माणसाने करावं काय.

पुष्पाकाकूंना बाजूला घेऊन विचारलं की काय अडचण आहे. म्हणाल्या, होऊन जाईन. कसं होऊन जाईल? ओळी तितक्याच, वेळ तितकाच, बाकीच्यांचं होतं. त्या चिमटा पुसत ओळीत परत गेल्या.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज पुष्पाकाकूंना घरी पाठवलं.

दुपारी जेवायला सगळ्या बांधावर बसल्या. पुष्पाकाकू दिसेनात. पाहते तर लाल ओळीत खाली वाकून, आत्याबाईंच्या झाडावरची फुलं पटापट तोडताहेत. त्यांच्या स्वतःच्या ओळी पिवळ्याजर्द उमललेल्या आणि या दुसऱ्याच्या ओळीत. माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, आत्याबाईंचं कौतुक झालं ते यांना खुपलं, म्हणून चांगली फुलं तोडून त्यांची ओळ बिघडवताहेत. मी तसं बोललेही. सगळ्यांसमोर.

त्यांनी हातातली फुलं पदरात घेतली. रागावल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "अश्विनी, तुले तं चांगलं दिसते न. मंग पाह्य जरा."

मी म्हटलं, पाहतेच आहे, आणि उद्यापासून येऊ नका.

आत्याबाई बांधावर भाकरी हातात घेऊन बसल्या होत्या.  एवढ्या वर्षांची मैत्रीण, पण सुनेसमोर बोलायची हिंमत नाही. मला तर हेही समजलं नाही की त्या माझ्या बाजूने गप्प होत्या की पुष्पाकाकूंच्या.

पिवळ्या ओळी आता मी करणार. निळ्या आणि पिवळ्या दोन्ही. करीन.

२९ सप्टेंबर

दीपक म्हणतो, काकूंना बोलावून घे. मी विचारलं, काऊन? म्हणतो, कारण मले विचारू नको, बोलावून घे. हा माणूस पाणी सोडतो, फवारणी करतो आणि बाकी प्रत्येक गोष्टीत मूग गिळून बसतो. मी म्हटलं, कारण नसेल तर बोलावणार नाही. तर म्हणे, आईचं काम जरा पाहत जा. आरशासारखं काम आहे आईचं, म्हटलं, तुम्ही आपली मोटर पाहा.

२ ऑक्टोबर, बुधवार

लाल ओळी बिघडल्या.

थोड्या नाही, पार बिघडल्या. पाच दिवसांत. झाडागणिक उमललेली फुलं, आणि ज्यांना खूण केली आहे त्यांतही नर. काही कळ्या तर मधोमध चिरडलेल्या. आठ तारखेला साहेब येणार, फोन आला.

पुष्पाकाकूंना काढलं म्हणून आत्याबाईंचा हा सूड. दुसरं काय असणार. तोंडाने बोलायचं नाही आणि हाताने बिघडवायचं. स्वतःच्या मुलाचा प्लॉट आहे हो, माझ्या एकटीचा नाही.

मी एक फूल तोडलं, नर आत तसाच उभा असलेलं, आणि आत्याबाईंच्या समोर धरलं. विचारलं, हे काय आहे? त्यांनी ते घेतलं, अगदी नाकाशी नेलं, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "काढला न नर. तुले काय पाह्यजे आता?"

पिवळाधमक नर समोर आणि तोंडावर खोटं. मी फूल खाली टाकलं आणि निघून आले. रडू आलं ते रागाचं. दिवसभर निळ्या आणि पिवळ्या ओळींमध्ये पळते, पाठ सरळ होत नाही, आणि घरातलंच माणूस असं वागतं.

वाळूजला चूक झाली तर निदान माणूस म्हणायचा की झाली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

जे पाहिलं ते लिहून ठेवते.

आज मी आत्याबाईंना रंगेहाथ पकडायचं ठरवलं. दुपारी बाजारात जाते म्हणून सांगितलं आणि जाळीच्या बाहेरून मागे जाऊन उभी राहिले. त्या एकट्याच होत्या. हाताने खांब चाचपला, लोकर बोटांत धरून पाहिली, मग ओळीत शिरल्या. एक कळी धरली. चिमटा आत घातला, तो पाकळीवर लागला. पुन्हा घातला. मग त्यांनी ते झाड हलकेच आपल्याकडे ओढलं, वाकल्या आणि कळी ओठाला लावली.

मला आधी वाटलं फूल खातात की काय. मग समजलं. नर निघाला की नाही ते त्या ओठाने पाहत होत्या.

पुढची कळी. पुन्हा ओठ. तिसरं तर पूर्ण उमललेलं फूल होतं, मला इतक्या लांबून दिसत होतं, आणि त्यांचा हात त्याच्या शेजारून निघून गेला.

वरणातलं मीठ. मावशी. उशिरा येणं. लाल रंग. कडेच्या, उजेडाच्या ओळी. एका क्षणात सगळं माझ्या अंगावर आलं. आणि पुष्पाकाकू त्या ओळीत काय करत होत्या तेही. त्या आत्याबाईंच्या चुका वेचत होत्या. म्हणून त्यांच्या स्वतःच्या ओळी राहायच्या. आणि मी नियम केला, रंग बांधले आणि जी बाई चूक थांबवत होती तिलाच चोर ठरवून काढलं.

दीपकला संध्याकाळी विचारलं. त्याला माहीत होतं. प्रेरणाला माहीत होतं, तिच्या जावेला माहीत होतं. आत्याबाईंच्या मोठ्या बहिणीचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता, म्हणून या दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. आणि शेडनेटमधून काढलं तर घरात बसून करायचं काय, असं पुष्पाकाकूंजवळ रडल्या होत्या म्हणे. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की मला सांगायचं नाही.

मला काऊन नाही, विचारलं. दीपकने चप्पल पायात सरकवली. मग म्हणाला, "तू चूक धरते न."

मला त्याचा भयंकर राग आला. अजून आहे. खरं असलं म्हणून राग येऊ नये असं थोडंच आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

पुष्पाकाकूंच्या घरी गेले. त्या ओसरीवर लसूण सोलत होत्या. बसायला पोतं टाकलं, चहा केला, सगळं रीतसर. मी म्हटलं, काकू, माझं चुकलं, या परत. त्या म्हणाल्या, आता गावातल्या जानरावाच्या प्लॉटवर शब्द दिला, हंगाम संपेपर्यंत येता येणार नाही.

मला वाटलं होतं की माफी मागितली की माणूस येतं. तसं काही नसतं.

निघताना मी विचारलं की तुम्ही मला सांगितलं का नाही, त्या दिवशी, मी एवढं बोलले तेव्हा. त्यांनी लसणाची सालं सुपात गोळा केली. म्हणाल्या, "माह्या बाळंतपणात तुह्या सासूनं दोन महिने माह्या ओळी केल्या. कोनाले सांगतलं तिनं?"

७ ऑक्टोबर, सोमवार

उद्या साहेब. लाल ओळी साफ होणं शक्य नाही. वरची उमललेली फुलं तोडता येतील, पण ज्यांना खूण झाली आणि आत नर राहिला, ती फळं चांगल्यांत मिसळलेली. ती डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, चांगले डोळे असले तरी. ते बी मिसळलं तर सगळ्या प्लॉटचं बी गेलं. गेल्या वर्षी हेच झालं असणार.

उपाय एकच होता, ओळी उपटून टाकणं. मला पहाटेच समजलं होतं. पण आत्याबाईंना ते सांगायचं कसं, हे मी दुपारपर्यंत ठरवत होते. दीपक म्हणाला, मी सांगतो, आणि मोटर पाहायला गेला.

मी जेवून शेडनेटमध्ये आले तर कडेला झाडं बांधलेल्या सुतळ्या कापलेल्या. आत्याबाईंच्या हातात विळा. त्या झाड बुडाशी धरत, ओढत आणि मागे टाकत. फळांनी लगडलेली झाडं. अर्धी ओळ झाली होती.

मी म्हटलं, आत्याबाई, राहू द्या, मी करते.

"तू कायले? उपटाले काही दिसावं लागत नाही."

त्यांना कोणी सांगितलं, मला माहीत नाही. कदाचित कोणीच नाही. मी त्यांच्या शेजारी बसून उपटायला लागले. मला बोलायचं होतं, त्या दिवशीच्या फुलाबद्दल, बऱ्याच गोष्टींबद्दल. पण मी पुढचं झाड धरलं. शेवटच्या खांबाची लोकर त्यांनी स्वतः सोडली आणि कमरेला खोवली.

घरी येताना म्हणाल्या, "तू ते सांगत होती न, वायरीचं. उलटं बसतच नाही म्हणून. माह्यासाठी काही आहे का तसं?"

मी हो म्हटलं. माझ्याकडे काहीही नव्हतं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

साहेबांनी सगळं पाहिलं. निळ्या, पांढऱ्या ओळी ठीक. पिवळ्यांत थोडी फुलं निघाली, माझ्या हातची. मग कडेच्या मोकळ्या मातीपाशी थांबले आणि विचारलं की इथल्या ओळींचं काय झालं. मी रोग पडला म्हणून सांगणार होते, तोंड उघडलंही होतं.

आत्याबाई मागून म्हणाल्या, "मले दिसत नाही, साहेब. माह्या हातानं बिघडल्या, म्हणून उपटल्या."

प्रेरणा, तिची जाऊ, शेजारच्या प्लॉटचे दोघे, सगळे ऐकत होते. ज्या हाताचं नाव पंचक्रोशीत होतं तो हात त्यांनी सगळ्यांसमोर खाली ठेवला. मी असते तर केलं नसतं.

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. प्लॉट पास केला. म्हणाले, काकू, पुष्कळ लोक बिघडलेली ओळ तशीच ठेवतात आणि बोलत नाहीत.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण मोकळा नाही झाला.

१० ऑक्टोबर

सापडलं. इतकं साधं की मला माझाच राग आला.

नर झाडांचा कोपरा. पोलनसाठी तिथली उमललेली फुलं रोज तोडून आणावी लागतात. तिथे चूक होऊच शकत नाही, कारण तिथलं प्रत्येक उमललेलं फूल बरोबरच असतं. पाहायला नको, हाताला लागलं की घ्यायचं. तिथे उलटं काही बसतच नाही.

आत्याबाईंना नेऊन बसवलं. त्यांनी एक फूल चाचपलं, दुसरं चाचपलं आणि हसल्या. म्हणाल्या, नव्या पोरींना इथे बसवते मी, पुष्पीला पहिल्या वर्षी इथेच बसवलं होतं. मला वाटलं त्या उठतील. उठल्या नाहीत. टोपली मांडीवर घेतली.

डोळ्यांचं विचारलं. दिवाळीनंतर पाहू म्हणाल्या. दिवाळीनंतर मी विचारणार आहे, आणि पुन्हा पुन्हा विचारणार आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा

पुष्पाकाकू सोनं द्यायला आल्या. आत्याबाईंना दिलं, पाया पडल्या, दोघी बराच वेळ हात धरून बसल्या. मलाही दिलं. जाताना विचारलं, पिवळ्या ओळी कोण पाहते? मी म्हटलं, मीच. तर म्हणाल्या, मंग राहून जात असतील फुलं. मी म्हटलं, नाही राहत. मला ते विचारणंच आवडलं नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी शेडनेटमध्ये गेले तर पिवळ्या ओळी झालेल्या होत्या. सगळ्या. उमललेली फुलं तोडून ओळीच्या तोंडाशी ढीग करून ठेवलेली. ढीग लहान नव्हता. काल संध्याकाळी मी त्याच ओळी तपासून, सगळं नीट आहे म्हणून घरी गेले होते.

प्रेरणाला विचारलं, ती नाही म्हणाली. तिची जाऊ नाही म्हणाली. आधी मला रागच आला. माझ्या ओळीत कोण शिरलं, मी नियम केला होता. मग तो राग धरून ठेवायला जागाच सापडेना.

ती फुलं पदरात घेतली आणि नर झाडांच्या कोपऱ्यात नेऊन आत्याबाईंच्या हातावर ठेवली. काही सांगितलं नाही. त्यांनी एकेका फुलाचा देठ बोटांनी पाहिला.

"पुष्पी आली होती," म्हणाल्या. "जानरावाकडं जायच्या आधी आली असन. गाठीपासून तोडते ती, मीच शिकवलं."

मी जाऊन खांबावरची पिवळी लोकर सोडली. मग निळी. मग पांढरी.